ओळख कोणी कोणाला पटवायची? : ‘पीओपी-३’ या संहितेतील प्रमाणीकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

‘आपल्या नावाने काही टपाल आले आहे काय?’ हा प्रश्न टपालखात्याइतकाच जुना आहे. संगणकाच्या कमांड लाइनवरून हा प्रश्न विचारावयाचा झाल्यास तो कोणत्या शब्दांत विचारावा, समोरून कोणत्या शब्दांत उत्तर यावे आणि उत्तर देण्यापूर्वी विचारणाऱ्याची ओळख कशी पटवून घ्यावी, याचे नियम ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, तिसरी आवृत्ती’ म्हणजेच पीओपी-३ या दस्तऐवजात दिलेले आहेत. जॉन मायर्स व मार्शल रोझ यांनी सिद्ध केलेला त्याचा मे १९९६ मधील पाठ ‘आरएफसी १९३९’ या क्रमांकाने ओळखला जातो. आपल्या महाविद्यालयांतून हा दस्तऐवज शिकविला जातो तो मात्र एका कोष्टकाच्या रूपाने. पोर्ट क्रमांक ११०, आज्ञा अमुक, अवस्था तीन, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. ज्याला पाठ्यपुस्तकी सारांश म्हणतात, त्याने मूळ संहितेचे जेवढे नुकसान होते तेवढे विस्मरणानेही होत नाही, हे साहित्याच्या अध्यापकांना सांगावयास नको. प्रस्तुत लेखात या दस्तऐवजाकडे एक संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तिच्यातील संवादाची रचना, तिचे पाठभेद आणि विशेषतः तिने गृहीत धरलेला विश्वास, यांची चिकित्सा करणे हा येथे हेतू आहे.

अशा चिकित्सेची गरज काय, असा प्रश्न संगणक विभागातील सहकारी विचारतील. त्याचे उत्तर ‘प्रमाणीकरण’ या एका शब्दात दडलेले आहे. मराठीत आपण ‘सर्व्हर प्रमाणीकरण’ असे म्हणतो तेव्हा सर्व्हरने वापरकर्त्याची ओळख पटवून घेणे असा अर्थ होतो, आणि सर्व्हरने स्वतःची ओळख वापरकर्त्याला पटवून देणे असाही. व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ शुद्ध आहेत. व्यवहारात मात्र पहिला अर्थ इतका रूढ झाला आहे की दुसरा कोणाच्या ध्यानातही येत नाही. पीओपी-३ च्या संहितेचा दोष हाच, आणि तिचा पुढील सर्व इतिहास हा त्या राहून गेलेल्या दुसऱ्या अर्थाच्या भरपाईचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

दारातले टपाल आणि दूरचे टपालघर

पीओपीच्या आधी हा प्रश्न विचारण्यासाठी स्वतंत्र ओळख पटविण्याची आवश्यकता नव्हती. युनिक्स यंत्रणेत पत्रपेटी ही वापरकर्ता ज्या यंत्रावर बसला आहे त्याच यंत्रावरील एक फाइल असे. लॉगिन करतानाच ‘तुम्हांला टपाल आहे’ अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर उमटे. काम चालू असताना नवे पत्र आल्यास बर्कले येथील यंत्रणेतील ‘बिफ’ नावाची छोटी आज्ञावली तसे कळवीत असे. हे नाव तेथील एका कुत्र्याचे. तो टपालवाल्यावर भुंकत असे म्हणून त्याचे नाव या आज्ञावलीला दिले, अशी आख्यायिका संगणकजगतात बराच काळ प्रचलित होती. पुढे माहीतगारांनीच ती खरी नसल्याचे सांगितले. आख्यायिका खोटी असली तरी तिच्यातून दिसणारी कल्पना महत्त्वाची आहे. टपाल दारात येते, घरातला कोणी तरी वर्दी देतो, आणि घरात बसलेला माणूस घरचाच असतो.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी जी ‘शेल’ खाती होती ती याच पद्धतीची होती. दूरध्वनीवरून निगमच्या यंत्रावर जावयाचे आणि तेथेच, केवळ अक्षरांच्या पडद्यावर, आपले टपाल वाचावयाचे. मुंबई-पुण्यातील एका पिढीने ई-मेल प्रथम पाहिला तो असा. पत्रपेटी आणि वाचक एकाच छपराखाली होते, मध्ये होती ती फक्त टेलिफोनची तार.

व्यक्तिगत संगणक आला आणि हे छप्पर दुभंगले. मेजावरचा संगणक रात्री बंद होतो, टपाल मात्र केव्हाही येते. म्हणून पेटी सतत चालू असणाऱ्या दूरच्या यंत्रावर ठेवणे भाग पडले. या गरजेतून ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉइस रेनल्ड्स यांचा पहिला पीओपी दस्तऐवज निघाला. फेब्रुवारी १९८५ मध्ये दुसरी आवृत्ती आली व नोव्हेंबर १९८८ मध्ये रोझ यांनी तिसरी मांडली. नावातील रूपक अचूक आहे. हे ‘पोस्टमन प्रोटोकॉल’ नाही, ‘पोस्ट ऑफिस’ प्रोटोकॉल आहे. येथे कोणी दारात येत नाही. आपणच खिडकीशी जावयाचे, नाव सांगावयाचे आणि विचारावयाचे. साहजिकच खिडकीमागील माणसाला प्रश्न पडतो, हा विचारणारा कोण?

संवादाची रचना

कमांड लाइनवरून होणारा हा संवाद असा असतो :

सर्व्हर : +ओके सेवा तयार आहे
ग्राहक : यूजर अमुक
सर्व्हर : +ओके
ग्राहक : पास परवलीचा-शब्द
सर्व्हर : +ओके
ग्राहक : स्टॅट
सर्व्हर : +ओके २ ३२०
ग्राहक : क्विट
सर्व्हर : +ओके

दोन पत्रे आहेत, ती मिळून ३२० ऑक्टेट भरतात, हा ‘स्टॅट’च्या उत्तराचा अर्थ. आज्ञा तीन किंवा चार अक्षरांच्या. त्या कॅपिटल अक्षरांत लिहाव्यात की लहान, याचे बंधन नाही. (हे स्वातंत्र्य पुढे एका अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडणार आहे.) उत्तर दोनच प्रकारांचे, होकाराचे ‘+ओके’ आणि नकाराचे ‘-एर’. या चिन्हानंतर येणारा मजकूर सर्व्हरने आपल्या मनाप्रमाणे लिहावा. म्हणजे एकाच ओळीला दोन वाचक आहेत. यंत्र पहिले चिन्ह वाचून थांबते आणि उरलेले वाक्य माणसासाठी राहते. तांत्रिक लेखनात इतकी मोकळी जागा माणसासाठी क्वचितच ठेवलेली आढळते. नोव्हेंबर १९९८ च्या पुरवणी दस्तऐवजाने या मोकळ्या जागेतही चौकटी कंसांतील ठरीव संकेत आणले, ‘पेटी सध्या वापरात आहे’, ‘इतक्या लवकर पुन्हा विचारू नका’ अशा अर्थाचे. माणसाचा प्रांत यंत्राने थोडा आक्रमिला, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

संवाद तीन अवस्थांतून जातो. पहिली अनुज्ञेची, दुसरी व्यवहाराची, तिसरी अद्ययावत करण्याची. व्यवहाराच्या अवस्थेत ‘डेले’ म्हटले तरी पत्र पुसले जात नाही. त्यावर केवळ खूण होते. ग्राहकाने ‘क्विट’ असे रीतसर म्हटल्यावरच तिसरी अवस्था सुरू होते आणि खूण केलेली पत्रे खरोखर नाहीशी होतात. मध्येच तार तुटली तर काहीही पुसले जाऊ नये, अशी स्पष्ट आज्ञा संहितेत आहे. निरोप न घेता गेलेल्या माणसाच्या वतीने कोणताही अपरिवर्तनीय निर्णय घ्यावयाचा नाही, हे तत्त्व यामागे आहे. संहितेतील हा सर्वांत विचारी भाग आहे, असे मला वाटते. लांब उत्तराच्या शेवटी एका स्वतंत्र ओळीवर केवळ एक पूर्णविराम ठेवण्याची रीतही अशीच नेटकी आहे. जुन्या पत्रव्यवहारात मजकूर संपल्याची खूण म्हणून मोर्तब उमटवीत, त्याची येथे आठवण होते. पत्राच्याच मजकुरात एखादी ओळ पूर्णविरामाने सुरू झाली तर गैरसमज नको म्हणून सर्व्हरने तेथे आणखी एक पूर्णविराम जोडावा आणि ग्राहकाने तो काढून घ्यावा, इतका बारीक विचार लेखकद्वयाने केला आहे.

दोन मर्यादांचा निर्देश येथे आवश्यक आहे. ‘स्टॅट’ पेटीत किती पत्रे आहेत हे सांगते, नवी किती हे सांगत नाही. न वाचलेले पत्र ही कल्पनाच या संहितेत नाही. पूर्वीच्या पाठांत ‘लास्ट’ नावाची एक आज्ञा होती, तिच्यावरून कोठपर्यंत वाचन झाले याचा अंदाज येई. नोव्हेंबर १९९४ च्या पाठात ती गळाली आणि प्रत्येक पत्राला स्थिर ओळख देणारी ‘यूआयडीएल’ ही ऐच्छिक आज्ञा आली. आठवण ठेवण्याचे काम अशा रीतीने सर्व्हरकडून ग्राहकाकडे गेले. दुसरी मर्यादा अशी, की पेटी उघडताच तिला कुलूप लागते. एक जण आत असताना दुसऱ्याला प्रवेश नाही. कमांड लाइनवरून केवळ डोकावून पाहणाऱ्याने संवाद अर्धवट सोडला तर त्याच्याच नेहमीच्या टपाल-आज्ञावलीला काही काळ नकार मिळू शकतो, कारण निष्क्रिय संवाद आपोआप संपविण्याची मुदत ठेवल्यास ती किमान दहा मिनिटांची असावी असे संहिता म्हणते. आयमॅप या पर्यायी प्रोटोकॉलमध्ये या दोन्ही अडचणी नाहीत. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही.

ओळखीचे पाठभेद

आता मुख्य विषयाकडे वळू. ओळख पटविण्याच्या संदर्भात पीओपी-३ चे निरनिराळे पाठ शेजारी शेजारी ठेवून वाचले असता एक रोचक प्रवास दिसतो.

१९८८ आणि १९९१ च्या पाठांत ‘आरपॉप’ नावाची एक सोय होती. ठरावीक यंत्रावरून, ठरावीक प्रकारे जोडणी आली तर विचारणाऱ्यावर विश्वास ठेवावा, परवलीचा शब्द मागू नये, असे तिचे स्वरूप होते. विश्वास माणसावर नव्हे, तो ज्या दारातून आला त्या दारावर. जून १९९३ च्या पाठाने ही सोय काढून टाकली आणि तिच्या जागी ‘एपॉप’ आणली. डिसेंबर १९९४ मध्ये एका वेगळ्या दस्तऐवजाने ‘ऑथ’ ही आज्ञा जोडली, जिच्याद्वारे इतर प्रमाणीकरण-पद्धती वापरता याव्यात. ‘यूजर’ आणि ‘पास’ ही सर्वांत भोळी जोडी मात्र या सर्व पाठांत टिकून राहिली.

या जोडीचा दोष लपविलेला नाही. परवलीचा शब्द तारेवरून उघड जातो, पत्रेही उघड जातात, असे १९९६ च्या पाठातील सुरक्षाविषयक टिपणात साध्या शब्दांत म्हटले आहे. त्याच टिपणात आणखी एक मार्मिक सूचना आहे. ‘यूजर’ या आज्ञेलाच सर्व्हरने नकार दिला तर कोणती नावे अस्तित्वात आहेत याचा सुगावा परक्याला लागतो. म्हणून अस्तित्वात नसलेल्या नावालाही ‘+ओके’ म्हणण्याची मुभा सर्व्हरला आहे. संपूर्ण संहितेत खोटे बोलण्याची परवानगी दिलेली ही बहुधा एकमेव जागा असावी, आणि ती सर्व्हरला दिलेली आहे. ग्राहकाला तशी सवलत नाही.

‘एपॉप’ची कल्पना सुरेख आहे. सर्व्हर स्वागताच्या ओळीतच एक अद्वितीय शिक्का देतो, ज्यात सामान्यतः त्या क्षणाची वेळ आणि यंत्राचे नाव गुंफलेले असते. ग्राहक तो शिक्का व आपला परवलीचा शब्द एकापुढे एक ठेवून त्यांचा ‘एमडी-५’ पद्धतीने सारांश काढतो आणि ३२ चिन्हांचा तो सारांश तेवढा पाठवितो. सर्व्हरही आपल्या बाजूने तेच गणित करून पडताळा पाहतो. परवलीचा शब्द उच्चारला जात नाही. तो आपल्याला ठाऊक आहे एवढेच सिद्ध केले जाते. शिक्का दर वेळी वेगळा असल्यामुळे एकदा ऐकलेला सारांश चोराला पुन्हा वापरता येत नाही.

परंतु या देवघेवीत दोन गोष्टी गमावल्या गेल्या. पहिली गोष्ट व्यवहारातील. सर्व्हरला तेच गणित करावयाचे तर त्याच्यापाशी परवलीचा शब्द मूळ रूपात असला पाहिजे. ‘पास’च्या पद्धतीत सर्व्हर केवळ त्याचा सारांश जपून ठेवू शकतो, ‘एपॉप’मध्ये मूळ शब्दच जपावा लागतो. म्हणजे वाटेतला चोर टाळण्यासाठी कोठाराचे कुलूप सैल करावे लागले. पाठ्यपुस्तके ‘एपॉप सुरक्षित, पास असुरक्षित’ असे एका ओळीत सांगून मोकळी होतात तेव्हा ही अर्धी बाजू गाळली जाते. मोठ्या टपालसेवांनी ‘एपॉप’ला फारसा आश्रय दिला नाही यात नवल वाटण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. शिक्का देतो तो सर्व्हर, परीक्षा घेतो तो सर्व्हर, आणि उत्तर देतो तो ग्राहक. सर्व्हरची परीक्षा कोणीच घेत नाही. समोर बसलेला खरोखरच आपल्या टपालघरातला आहे काय, हे विचारण्यासाठी ग्राहकाला संहितेने एकही आज्ञा दिलेली नाही. ‘एपॉप’मुळे ओळख व पुनरावृत्तीपासून संरक्षण मिळते, हे विधान लेखकद्वयाने ठामपणे केलेले नाही, अनुमान म्हणून केले आहे. सावध लेखकाचे हे लक्षण आहे. पण सावधगिरीची दिशाही पाहावी लागते. त्यांना शंका आहे ती वाटेवर लपून ऐकणाऱ्याविषयी. टपालघराचा पोशाख घालून खिडकीतच बसलेला भामटा त्यांच्या विचारात आलेला दिसत नाही.

तो भामटा २००७ मध्ये अवतरला, सुदैवाने संशोधकाच्या रूपात. ‘एमडी-५’ ही पद्धत रॉन रिव्हेस्ट यांनी एप्रिल १९९२ मध्ये प्रसिद्ध केली होती. दोन भिन्न मजकुरांचा सारांश एकच येऊ शकतो हे २००४ मध्ये चिनी गणिती शाओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष दाखविले. त्या शोधाचा ‘एपॉप’वर कसा उपयोग होतो, हे गाएताँ ल्यूराँ या फ्रेंच संशोधकाने २००७ मध्ये मांडले. युक्ती अशी, की खोटा सर्व्हर मुद्दाम घडविलेल्या दोन शिक्क्यांची जोडी एकापाठोपाठ एक अशा दोन जोडण्यांत पाठवितो. परवलीच्या शब्दाचे पहिले अक्षर जर अमुक असेल तरच दोन्ही शिक्क्यांना एकच उत्तर येईल, अशी त्या जोडीची घडण असते. उत्तरे जुळली तर अक्षर कळले, न जुळल्यास पुढील अक्षराची जोडी. या मार्गाने पहिली तीन अक्षरे काढता येतात, असे त्याने दाखविले. पुढील वर्षी जपानी संशोधकांनी ही मर्यादा पुष्कळच वाढविली. येथे ध्यानात घेण्याजोगे असे, की या हल्ल्यासाठी ग्राहकाने पुनःपुन्हा येऊन ओळख पटवावी लागते. दर काही मिनिटांनी ‘टपाल आले काय’ असे विचारणारी आज्ञावली नेमके तेच करीत असते. विचारण्याची उतावीळ हीच गळती ठरली.

त्यावरील तात्कालिक उपाय भाषेच्या अभ्यासकाला आवडण्यासारखा आहे. घडविलेल्या शिक्क्यांत अशी चिन्हे येत होती जी शिक्क्याच्या विहित व्याकरणात बसत नव्हती. ते व्याकरण संहितेत सुरुवातीपासून लिहिलेले होते, पण ते तपासण्याचे कष्ट बहुतेक आज्ञावल्यांनी घेतलेले नव्हते. ‘फेचमेल’सारख्या आज्ञावल्यांनी शिक्का शुद्ध आहे की नाही हे तपासून पाहण्यास २००७ मध्ये प्रारंभ केला.

संहितेतील उदाहरणाविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. सामायिक गुपित जितके लांब तितके ते शोधणे अवघड, म्हणून ते आठ अक्षरांहून बरेच लांब असावे, असा उपदेश करून लेखकद्वय लगेच आठच अक्षरांचे उदाहरण देतात, आणि ते उदाहरण अपुरे आहे हे त्यांनीच नमूद केलेले असते. ती आठ अक्षरे म्हणजे ‘जगात फुकटचे जेवण नसते’ या अर्थाच्या एका प्रसिद्ध अमेरिकन उक्तीची आद्याक्षरे, शेवटचे अक्षर गाळून घेतलेली दिसतात. ‘एपॉप’ची किंमत काय हे वर पाहिल्यानंतर या निवडीतील विनोद अधिकच खुलतो.

टपालघराचे ओळखपत्र

सर्व्हरनेही ओळख पटवावी ही मागणी अखेर पीओपीच्या बाहेरून, टीएलएस या आवरणाच्या द्वारे पूर्ण झाली. जून १९९९ मध्ये ख्रिस न्यूमन यांच्या दस्तऐवजाने ‘एसटीएलएस’ ही आज्ञा आणली. संवाद उघडपणे सुरू करावा, मग ही आज्ञा देऊन पुढील संभाषण गुप्त करावे, अशी रीत. तीत एक व्यंग होते. सुरुवातीचा उघडा भाग मधल्याच कोणी बदलला आणि ‘या सर्व्हरला ती आज्ञा येत नाही’ असे भासविले, तर गाफील आज्ञावली उघड्यावरच परवलीचा शब्द सांगून मोकळी होई. पहिल्या अक्षरापासूनच गुप्त असलेली पोर्ट ९९५ वरील जोडणी १९९९ च्या दस्तऐवजाला पसंत नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये कीथ मूर यांच्यासमवेत लिहिलेल्या नव्या दस्तऐवजात न्यूमन यांनीच तिची शिफारस केली. एकोणीस वर्षांत मत बदलले, आणि बदललेले मत त्याच लेखकाने सहीनिशी मांडले. आपल्या शैक्षणिक लेखनात असे क्वचित घडते.

टीएलएसमध्ये सर्व्हर प्रमाणपत्र सादर करतो. ते विश्वासार्ह संस्थेने दिले आहे काय आणि त्यावरील नाव आपण ज्या दारी आलो त्याच दाराचे आहे काय, हे दोन प्रश्न ग्राहकाने स्वतः विचारावयाचे असतात. कमांड लाइनवर नेमके येथेच घोडे अडते. ‘ओपनएसएसएल’ या साधनातील ‘एस-क्लायंट’ ही आज्ञा प्रयोगशाळांतून यासाठी सर्रास वापरली जाते. ती प्रमाणपत्र पडद्यावर छापते, पडताळणीचा निकालही छापते. परंतु निकाल प्रतिकूल असला तरी तिच्या मूळ वर्तनानुसार जोडणी तोडत नाही. पडताळणी फसल्यास थांब, असे वेगळ्या पर्यायाने तिला सांगावे लागते, आणि नावाची तुलनाही मागितल्याशिवाय ती करीत नाही. ते निदानाचे साधन आहे, त्यामुळे त्याला दोष देता येणार नाही. विद्यार्थी मात्र शेकडो ओळी सरकताना पाहतो, शेवटी ‘+ओके’ दिसते आणि तो समाधानाने परवलीचा शब्द टंकतो. टपालघराने ओळखपत्र दाखविले, पण ते वाचले कोणी?

याच साधनाच्या आणखी एका वर्तनाची नोंद आवश्यक आहे, कारण त्यामुळे संहितेचा अर्थच बदलतो. नेहमीच्या संवादी पद्धतीत ‘एस-क्लायंट’ कॅपिटल ‘क्यू’ने सुरू होणारी ओळ स्वतःसाठी आज्ञा समजते आणि जोडणी बंद करते, कॅपिटल ‘आर’ने सुरू होणारी ओळ म्हणजे गुप्ततेची बोलणी नव्याने करण्याची सूचना समजते. आता पीओपी-३ मध्ये पत्र मागविण्याची आज्ञा ‘आर’ने सुरू होते आणि निरोपाची आज्ञा ‘क्यू’ने. पुस्तकात छापल्याप्रमाणे कॅपिटल अक्षरांत ‘क्विट’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते की आपण रीतसर निरोप घेतला. वस्तुतः तो शब्द सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. सर्व्हरच्या दृष्टीने तार तुटली, तिसरी अवस्था आलीच नाही, आणि ‘डेले’ची खूण केलेली पत्रे जशीच्या तशी राहिली. उपाय अगदी साधा आहे. आज्ञा लहान अक्षरांत लिहावी, कारण संहितेने ते स्वातंत्र्य दिलेलेच आहे; अथवा ‘क्वाएट’ हा पर्याय देऊन साधनाचे हे मध्येच बोलणे बंद करावे. मध्यस्थ आपलेच शब्द गिळतो हा अनुभव अनुवादाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

परवलीचा शब्द आणखी कोणकोणत्या वाटांनी निसटतो, याची यादी देण्याचे येथे प्रयोजन नाही. आज्ञेच्या ओळीतच तो लिहिला तर शेलच्या इतिहासात उरतो आणि आज्ञा चालू असेपर्यंत त्याच यंत्रावरील इतरांना प्रक्रियांच्या यादीत दिसू शकतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. या बाबतीत ‘फेचमेल’चे धोरण अनुकरणीय वाटते. एरिक रेमंड यांनी १९९६ मध्ये ‘पॉपक्लायंट’ ही आज्ञावली हाती घेऊन तिला हे नाव दिले. परवलीचा शब्द ठेवलेली मांडणीची फाइल मालकाखेरीज इतरांना वाचता येत असेल तर ‘फेचमेल’ काम करण्यासच नकार देते. पत्रे न आणता केवळ टपाल आहे की नाही हे पाहण्याची सोयही तिच्यात आहे. टपाल असल्यास शून्य आणि नसल्यास एक असा निकाल ती देते. प्रमाणपत्राची पडताळणी मात्र तिच्यात मूळ वर्तन म्हणून २०१९ च्या ६.४ या आवृत्तीपासूनच आली. त्यापूर्वी ती वापरकर्त्याने आठवणीने मागावी लागत असे.

वाचनीयतेचा प्रश्न

१९९६ च्या संहितेला आजच्या कसोट्या लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः मान्य करावा लागेल. परंतु वाटेवर ऐकणाऱ्या चोराची जाणीव तिच्याच टिपणात आहे, आणि केर्बेरॉससारख्या पद्धतींत परस्पर-प्रमाणीकरणाची कल्पना १९८० च्या दशकातच मांडली गेली होती. ‘ऑथ’च्या मूळ दस्तऐवजात केर्बेरॉसचा उल्लेखही आहे. कल्पना उपलब्ध होती, तिला ऐच्छिक पुरवणीत जागा मिळाली, मुख्य संवादात मिळाली नाही. ‘ऑथ’मधील काही पद्धतींत नाव व परवलीचा शब्द बेस-६४ लिपीत जातो. विद्यार्थी, आणि कधी कधी शिक्षकही, त्याला गुप्तलेखन समजतात. ते केवळ लिप्यंतर आहे. मोडी न वाचता येणाऱ्याला मोडी पत्र गुप्त वाटावे त्यातला तो प्रकार.

३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव व नेहमीचा परवलीचा शब्द यांवर चालणारा बाह्य आज्ञावल्यांचा प्रवेश बंद केला. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेत १ ऑक्टोबर २०२२ पासून पीओपीसाठी तो टप्प्याटप्प्याने बंद केला. त्याची जागा अल्पजीवी टोकनने घेतली. टोकन ब्राउझरमधून मिळवावयाचे आणि शेकडो चिन्हांची एक ओळ करून ‘ऑथ’बरोबर पाठवावयाचे. (गूगलच्या खात्यात दुहेरी पडताळणी सुरू केल्यास आज्ञावलीपुरता वेगळा परवलीचा शब्द घेता येतो, हा एक आडमार्ग.) चोरलेले टोकन थोड्याच वेळात निरुपयोगी होते आणि त्याने सबंध खाते उघडत नाही, हा लाभ निर्विवाद आहे. ज्यांना जुन्या संवादाबद्दल हळहळ वाटते त्यांच्या स्मरणात तो संवाद सुरक्षित होता, एवढेच. प्रत्यक्षात तो कधीच सुरक्षित नव्हता.

तरीही एक हानी झाली आहे आणि तिची नोंद व्हावयास हवी. माणूस स्वतः टंकू शकेल व वाचू शकेल असा संवाद हा पीओपी-३ चा शैक्षणिक गुण होता. विद्यार्थ्याला आपण नेमके काय म्हणालो आणि यंत्र नेमके काय म्हणाले, हे मध्यस्थाविना दिसत होते. टोकनच्या ओळीत वाचण्यासारखे काही उरत नाही. हा गुण टिकवावयाचा असेल तर त्यासाठी कोणाचे खरे खाते वापरण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतील एका संगणकावर ‘डव्हकॉट’ हा मुक्त सर्व्हर बसवून त्यावर नाममात्र खाती व नाममात्र पत्रे ठेवता येतात. हा सर्व्हर आपल्या मूळ मांडणीत दुसऱ्या यंत्रावरून उघड्या तारेने आलेला परवलीचा शब्द स्वीकारीत नाही, आणि त्याच यंत्रावरून आल्यास स्वीकारतो. हा भेद का केला असावा, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडून लेखी घ्यावे. त्यानंतर सर्व्हरला स्वतःच तयार केलेले, कोणत्याही संस्थेची ग्वाही नसलेले प्रमाणपत्र द्यावे, विद्यार्थ्यांना पोर्ट ९९५ वर जोडणी करण्यास सांगावे आणि पडद्यावरील पडताळणीचा निकाल किती जणांनी वाचला हे परवलीचा शब्द टंकून झाल्यावर विचारावे. प्रात्यक्षिकाच्या वहीत आज पोर्ट क्रमांक आणि आज्ञांची यादी यांसाठी जे गुण राखून ठेवलेले असतात, त्यांतील निदान निम्मे या एका निकालाच्या वाचनासाठी द्यावेत.